वीर अरुण खेत्रपाल आणि आपण

(आपल्या संघाच्या अंबड येथील वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. सूचना एवढीच होती की, मुलांपुढे एखाद्या वीरपुरुषाचे चरित्र ठेवावे आणि शक्य तर तो आपल्यापैकी असावा. सूचनेचा पहिला भाग आम्ही आनंदाने पाळणार आहोत. दुसरा भाग आम्ही पाळला की मोडला, याचा निर्णय भाषण संपल्यावर आपणच करावयाचा आहे.

सैन्य ही गोष्ट नाशिककरांना अपरिचित नाही. आपल्या अंबडपासून जवळच देवळाली आहे आणि तेथे तोफखान्याचे शिक्षणकेंद्र आहे. नाशिक शहरात डॉ. मुंजे यांनी १९३७ साली भोसला सैनिकी विद्यालय स्थापन केले. ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना आहे. एके काळी शेतीवर जगणाऱ्या या अंबड गावाच्या जमिनीवर आज औद्योगिक वसाहत उभी आहे. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांचे आयुष्य तिच्यातील यंत्रांवर गेले आहे. सैन्य आपल्या इतके जवळ आहे खरे. परंतु आपण ते कुंपणाच्या अलीकडून पाहतो. सव्वीस जानेवारीस संचलन पाहून छाती फुगवितो आणि संध्याकाळी आपापल्या उद्योगास लागतो. म्हणून कुंपणापलीकडच्या एका मुलाची कथा आज सांगावी असे आम्ही ठरविले. मुलगा हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे, कारण तो गेला तेव्हा त्याचे वय एकवीस वर्षे आणि दोन महिने होते.

त्याचे नाव सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी, आपल्या पुण्यास. घराणे पंजाबी, मूळचे सरगोध्याकडचे. फाळणीत तो मुलूख पाकिस्तानात गेला आणि कुटुंब घरदार सोडून इकडे आले. वडील मदनलाल खेत्रपाल हे सैन्याच्या अभियंता दलात अधिकारी होते आणि पुढे ब्रिगेडिअर पदास पोहोचले. आजोबांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात चाकरी केली होती, तर पणजोबा शिखांच्या खालसा फौजेतून इंग्रजांविरुद्ध लढले होते, असे त्या घराण्यात सांगितले जाते. पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी करणाऱ्या अशा घरात हा मुलगा वाढला. सनावरच्या लॉरेन्स विद्यालयात तो शिकला. अभ्यासात बरा, खेळांत पुढे, वाद्यांत सॅक्सोफोन वाजविणारा. आपल्या घरांतून असतात तसाच हसताखेळता मुलगा, असे त्याला ओळखणारे सांगतात.

१९६७ साली तो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला. जन्मगाव पुणे, आणि शिपाई म्हणून दुसरा जन्म झाला तोही पुण्याच्या कुशीत. प्रबोधिनीत तो आपल्या स्क्वाड्रनचा प्रमुख छात्र झाला. पुढे डेहराडूनच्या सैनिकी प्रबोधिनीतून १३ जून १९७१ रोजी तो अधिकारी म्हणून बाहेर पडला, आणि त्याची नेमणूक ज्या पलटणीत झाली तिचे नावही पुण्याचेच: पूना हॉर्स.

या पलटणीच्या नावापाशी क्षणभर थांबणे आम्हांस आवश्यक वाटते. १८१७ साली दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहान्वये इंग्रजांनी पेशव्यांच्या खर्चाने जे घोडदळ उभे करविले, त्यापासून या पलटणीचा इतिहास सुरू होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि पुणे आपल्या हातून गेले. म्हणजे जन्मतः हे घोडदळ परक्यांच्या कामाचे. परंतु नियतीचे फेरे विलक्षण असतात. घोडे गेले, रणगाडे आले. इंग्रज गेले, स्वराज्य आले. आणि तीच पलटण पुण्याचे नाव मिरवीत स्वतंत्र भारताच्या सीमेवर उभी राहिली. १९६५ च्या युद्धात तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर जखमी असूनही रणगाड्यातून उतरले नाहीत आणि १६ सप्टेंबर रोजी रणांगणातच पडले. जातीने ते पारशी, जन्माने मुंबईचे. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. अशा पलटणीत नवा अधिकारी येतो तेव्हा कोणता वारसा आपल्या हाती येत आहे, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

नव्या अधिकाऱ्यांना रणगाड्यांचे पुढील शिक्षण तेव्हाच्या अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मिळत असे. अरुण तेथे शिकत असतानाच १९७१ च्या डिसेंबरात युद्धास तोंड फुटले आणि शिक्षण अर्धे टाकून पलटणीत परतण्याचा हुकूम झाला. वाटेत तो दिल्लीस घरी थांबला. सामानात त्याने गोल्फ खेळण्याच्या काठ्या आणि मेजवानीचा निळा गणवेश घेतला. लाहोरला गोल्फ खेळू आणि विजयाच्या मेजवानीस हा गणवेश घालू, असे तो म्हणाल्याचे त्याच्या घरच्यांनी पुढे सांगितले आहे. एकविशीतल्या मुलाचेच हे बोलणे! त्यात द्वेष नाही, मरणाची छाया नाही. आहे तो केवळ उत्साह. आईने मात्र निरोप देताना कुळाची आठवण दिली. वाडवडील लढले तसा लढ, पाठ दाखवून येऊ नकोस, असा त्या माउलीच्या बोलण्याचा आशय होता. ते शब्द उच्चारताना तिच्या मनाचे काय झाले असेल, हे येथे बसलेल्या मातांना आम्ही सांगावे असे नाही.

आता प्रत्यक्ष लढाईकडे वळू. जम्मू आणि पठाणकोट यांच्यामधून सीमेपलीकडचा एक भूभाग आपल्या बाजूस फुगवट्यासारखा शिरलेला आहे. त्याला शकरगडचा फुगवटा म्हणतात. तेथून पुढे सरकून शत्रू जम्मूकडे जाणारा रस्ता तोडू शकला असता आणि तसे झाले असते तर काश्मीरची नाडीच त्याच्या हाती गेली असती. हे टाळण्यासाठी आपल्या सैन्याने त्या फुगवट्यातच चाल केली. वाटेत रावीला मिळणारी बसंतर नावाची नदी आहे. १५ डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने ती ओलांडून पलीकडे पाय रोवले. परंतु पायदळाच्या आधारास रणगाडे पोहोचावयाचे तर मध्ये सुरुंग पेरलेला विस्तीर्ण पट्टा होता. अभियंता दलाचे लोक रात्रभर जिवावर उदार होऊन वाट साफ करीत होते. काम निम्मेच झाले होते, तोच पलीकडून वार्ता आली की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसत आहे. सुरुंग पुरते निघेपर्यंत थांबावे तर पायदळ चिरडले जाणार, आणि निघावे तर पायाखाली मरण. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनुतसिंग यांच्या पूना हॉर्सने निघण्याचा निर्णय घेतला. अर्धवट साफ केलेल्या त्या सुरुंगक्षेत्रातून रणगाडे रात्रीच्या अंधारात पार झाले.

१६ डिसेंबरची सकाळ उजाडली. जरपाल गावापाशी शत्रूने धुराचा पडदा उभा केला आणि त्याआडून त्याच्या रणगाड्यांनी मोठा हल्ला चढविला. तेथे असलेल्या आपल्या तुकडीच्या प्रमुखाने बिनतारी यंत्रावरून कुमक मागितली. अरुण जवळच होता. आपले रणगाडे घेऊन तो तत्काळ निघाला. वाटेत शत्रूच्या ठाण्यांतून आग ओकली जात होती. त्याने ती ठाणी तुडविली आणि पिस्तूल रोखून शत्रूचे सैनिक कैद केले. या झटापटीत त्याच्या पथकातील एका रणगाड्याचा नायक मारला गेला, तरी अरुण थांबला नाही.

मग जी झुंज झाली तिच्यात शत्रूचे रणगाडे पुष्कळ आणि आपले थोडे, असा प्रकार होता. अखेर शत्रूसमोर आपले तीनच रणगाडे उरले. त्यांपैकी एकावर गोळा बसून तो निकामी झाला आणि दुसऱ्याची तोफ बिघडली. उरला तो एकट्या अरुणचा. त्या रणगाड्याचे नाव होते ‘फामागुस्ता’. त्यावरही गोळा बसला आणि आग लागली. रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा हुकूम बिनतारी यंत्रावरून आला. आपली तोफ अजून चालू आहे, ती चालू आहे तोपर्यंत आपण रणगाडा सोडणार नाही, अशा अर्थाचे उत्तर अरुणने दिले आणि तो पुन्हा लढू लागला. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले. त्यांतील चार एकट्या अरुणने टिपले, असे त्याच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात नमूद आहे. शेवटचा रणगाडा त्याच्यापासून जेमतेम शंभर मीटरवर होता. याच वेळी त्याच्या रणगाड्यावर दुसरा गोळा आदळला आणि अरुण तेथेच पडला. परंतु शत्रूला हवी असलेली फट मिळाली नाही.

अधिकारी होऊन त्याला केवळ सहा महिने आणि तीन दिवस झाले होते. त्याच दिवशी दुपारी ढाक्यात शत्रूने शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडेही तोफा थंडावल्या. काही तासांचाच काय तो फरक!

मित्रहो, या कथेतील तीन गोष्टी आम्हांस आपल्यापुढे विशेषेकरून ठेवावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट रणगाड्याच्या आतली. रणगाडा म्हणजे चौघांचा संसार असतो. एक हुकूम देतो, एक चालवितो, एक नेम धरतो, एक गोळे भरून बिनतारी यंत्र सांभाळतो. अरुणच्या रणगाड्यात चालक प्रयागसिंग, तोफेवर नाथूसिंग आणि बिनतारीवर नंदसिंग असे तिघे सवार होते. त्यांपैकी नंदसिंग त्याच दिवशी धारातीर्थी पडले. अरुणचे नाव आपण घेतो, नंदसिंगांचे घेत नाही. ही चूक आज तरी आम्ही करणार नाही. येथील कारखान्यांतून ज्यांनी यंत्रावर पाळ्या केल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की, एकाच्या हातची चूक दुसऱ्याच्या अंगावर येते आणि एकाची सावधगिरी दुसऱ्याचा जीव वाचविते. तेथे शेजारच्याचे कुळ विचारावयास सवड नसते. त्या लोखंडी पेटीत शिरलेल्या गोळ्याने कोणाचे गोत्र विचारले नाही. आपला संघ ज्ञातीचा आहे, तो आपल्या माणसांच्या अडीअडचणीसाठी आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु ‘आपला’ या शब्दाचे कुंपण कोठे घालावे, हे त्या चौघांकडून शिकण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट घराची. युद्ध संपल्याची वार्ता आली, देशभर विजयोत्सव झाला. खेत्रपालांच्या घरीही मुलगा परत येण्याची वाट पाहिली जात होती. तो गेला आहे हे त्या घराला २६ डिसेंबरपर्यंत ठाऊक नव्हते. दहा दिवस! सांब्याजवळ त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले, आणि घरी आल्या त्या अस्थी. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तोवर ते मिळविणाऱ्यांत अरुण वयाने सर्वांत लहान ठरला. खडकवासल्याच्या संचलनभूमीला त्याचे नाव दिले गेले. २०२३ साली अंदमानातील एका बेटासही त्याचे नाव देण्यात आले. ‘फामागुस्ता’ रणगाडा अहिल्यानगरास, जेथून तो शिक्षण अर्धे टाकून निघाला होता तेथेच, जतन केलेला आहे. हे सर्व योग्यच झाले. परंतु त्या दहा दिवसांची भरपाई कोणत्याही पदकाने होत नाही, हे आपण टाळ्या वाजविताना विसरू नये.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. २००१ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ब्रिगेडिअर खेत्रपाल आपली जन्मभूमी सरगोधा डोळ्यांनी एकदा पाहून यावे म्हणून पाकिस्तानात गेले. तेथे त्यांचे आतिथ्य ब्रिगेडिअर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी केले. सारे घर त्यांच्या सेवेस तत्पर होते. परत निघण्याच्या आदल्या रात्री यजमानांनी मनावरचे ओझे उतरविले. ते पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या पलटणीचे अधिकारी होते. बसंतरच्या रणांगणात ते अरुणच्या समोर उभे होते आणि अरुणचा अंत त्यांच्याच हातून झाला होता. ज्याच्या हातचे अन्न खाल्ले, त्याच्याच हाताने मुलगा गेलेला! अशा वेळी पित्याने काय करावे? त्या वृद्ध शिपायाने हे ऐकून घेतले आणि कटुता न धरता निरोप घेतला. पुढे नासेर यांनी त्यांना छायाचित्रे पाठविली आणि सोबतच्या मजकुरात अरुणच्या शौर्याचा मोठा गौरव केला. दोघेही शिपाई होते, दोघांनीही आपापले कर्तव्य केले होते, आणि त्या कर्तव्याची किंमत काय असते हे दोघेही जाणत होते. शौर्य म्हणजे द्वेष नव्हे, हे आम्ही पुस्तकांत पुष्कळ वेळा वाचले होते. ते खरे आहे, हे आम्हांस त्या पित्यामुळे पटले.

आता थोडे आमच्याविषयी. व्यासपीठावरून वीरांची चरित्रे सांगणारा स्वतः काय करतो, हे विचारण्याचा अधिकार श्रोत्यांना आहे. आमचा धाकटा मुलगा शाळा संपता संपता एके दिवशी खडकवासल्याच्या प्रवेशपरीक्षेची माहिती घेऊन आला आणि अर्ज भरण्यास आमची संमती मागू लागला. आम्ही नाही म्हटले नाही. आज बघू, उद्या बघू, आधी हा निकाल लागू दे, असे करीत आम्ही मुदत टळू दिली. त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला आम्ही शाळेत भाषण केले होते आणि विषय हौतात्म्य हाच होता. मुलगा पुढच्या रांगेत बसला होता. आज तो नोकरीत सुखी आहे आणि त्याने त्याविषयी कधी शब्द काढला नाही. तरी तो काही बोलला नाही म्हणून आमचे देणे फिटले, असे आम्हांस वाटत नाही. वीर जन्मास यावेत, पण शेजारच्या घरी यावेत, अशी आपल्यापैकी पुष्कळांची इच्छा असते; आमचीही होती.

प्रत्येकाने आपले मूल सैन्यात धाडावे असे सांगण्यास आम्ही उभे नाही. तो अधिकार आम्ही त्या वर्षीच गमावला. आईबापांच्या काळजात भीती असणे हा गुन्हाही नव्हे. आमचे मागणे लहान आहे. मुलाने, आणि २०२२ पासून खडकवासल्याचे दार मुलींनाही उघडले आहे म्हणून मुलीनेही, असा अर्ज समोर आणून ठेवला तर त्याला खरे उत्तर द्या. होय म्हणावयाचे तर होय म्हणा. नाही म्हणावयाचे तर डोळ्याला डोळा देऊन नाही म्हणा आणि कारण सांगा. उद्यावर ढकलून तारीख मात्र टळू देऊ नका.

आणि कार्यकारी मंडळास एक विनंती. दरवर्षी आपण गुणवंतांचा गौरव करतो, तो अवश्य चालू राहावा. परंतु पुढील वर्षापासून या मेळाव्यास अंबड आणि आसपासच्या वस्त्यांतील सैनिकांच्या आईवडिलांना, वीरपत्नींना आणि निवृत्त जवानांना ज्ञाती न विचारता निमंत्रण जावे, आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवावे. हारतुरे नकोत, लांबलचक भाषणे तर नकोतच. त्यांच्या घरच्या कागदपत्रांचे, मुलांच्या शिक्षणाचे, दवाखान्याचे काही अडले असेल तर आपल्यातील दोन तरुणांनी ते विचारावे आणि तडीस न्यावे. ब्रिगेडिअर खेत्रपालांचे घर दहा दिवस वाट पाहत होते. अशी वाट पाहणारी घरे आपल्या शेजारीही आहेत. त्यांच्या दारी कोणी तरी गेले पाहिजे.

आरंभी आम्ही म्हटले होते की, हा वीर आपल्यापैकी असावा ही सूचना आम्ही पाळली की नाही, हे आपण ठरवावे. तो जन्मला पुण्यात, घडला खडकवासल्यात, शिकत होता नगरला, लढला पुण्याचे नाव धारण करणाऱ्या पलटणीतून आणि पडला आपल्या सर्वांच्या सीमेवर. तो आपला नसेल, तर मग आपला कोण, हे आम्हांस सांगता येणार नाही.